जनुकाचा मोबदला, सरकीचं मोल

छोट्या जैवतंत्रज्ञान कंपनीने शोध लावायचा आणि बड्या औषध कंपनीने कारखाना, परवाने व बाजारपेठ पुरवायची, ही भागीदारी १९७८ साली जेनेन्टेक आणि एलाय लिली यांच्या करारातून रुळली. १९८२ मध्ये त्यातूनच मानवी इन्सुलिन औषध म्हणून मंजूर झालं. वऱ्हाडाच्या वाट्याला अशी भागीदारी आली ती कपाशीच्या बियाण्यात, आणि उलट्या बाजूने. इथे बोंडअळीला रोखणारं जनुक बड्या परदेशी कंपनीकडे होतं आणि मातीत रुजलेलं वाण लहान भागीदाराकडे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात उभी केलेली महिको आणि अमेरिकेतली मोन्सॅन्टो १९९८ च्या सुमारास एकत्र आल्या. मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला आणि दोघींनी मिळून जनुकाचे परवाने देणारी वेगळी कंपनी काढली. २६ मार्च २००२ रोजी हे जनुक असलेल्या बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना केंद्राची परवानगी मिळाली. या कराराचा खरा दोष परकीय भांडवलात नव्हता, असं माझं मत आहे. जनुकाला मोबदला ठरला. ज्या वाणात ते बसवायचं, त्यामागच्या सार्वजनिक मेहनतीला करारात जागाच नव्हती, हा तो दोष.

ती मेहनत कुठे होती, हे अकोल्याकडे पाहिलं की कळतं. १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही हायब्रीड-२ हे संकरित वाण दिलं, रजत आणि एकेएच-०८१ यांसारखे सरळ वाणही दिले. बियाणं शेतकऱ्यापर्यंत नेणारं महाबीज १९७६ पासून अकोल्यातच आहे. म्हणजे एकाच गावात संशोधन आणि विक्री, दोन्ही. तरीही बीटीच्या पहिल्या लाटेत या दोन्ही संस्था प्रेक्षक राहिल्या. पीकेव्ही हायब्रीड-२ बीटी रूपात बाजारात यायला दीड दशकाच्या आसपास काळ गेला. त्याहून मोठं नुकसान सरळ वाणांचं झालं. खाजगी कंपन्यांनी जनुक संकरितातच बसवलं, कारण संकरिताची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तसंच पीक येत नाही आणि पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागतं. अकोला-अमरावतीची बहुतेक पऱ्हाटी पावसाच्या भरवशावर, आणि तीही बऱ्याच ठिकाणी हलक्या जमिनीत. तिथे लवकर येणारं, दाट पेरता येणारं आणि घरची सरकी वापरू देणारं वाण हवं होतं. बोंडअळीवरचा उपाय आला, पण तो मिळवण्यासाठी घरचं बियाणं सोडावं लागलं.

यावर आक्षेप असा की शेतकऱ्यांनी बीटी स्वतःहून उचललं. कुणी सक्ती केली नव्हती. हे खरं आहे. अमेरिकन बोंडअळीच्या फवारण्यांनी कंबरडं मोडलेल्या माणसाने हा उपाय घेतला यात नवल नाही, आणि सुरुवातीची काही वर्षं त्याला फायदाही झाला. पण बाजारात एकच प्रकार ठेवला तर त्याची निवड ही पसंतीची साक्ष ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरकारने दर बांधले म्हणून नवं तंत्रज्ञान थांबलं. १६०० रुपयांच्या वर गेलेलं पाकीट २००६ मध्ये आंध्र प्रदेशच्या तक्रारीनंतर ७५० वर आलं, २०१६ मध्ये केंद्राने जनुकाचा मोबदला ४९ रुपयांवर आणला आणि २०२० मध्ये शून्य केला. २०१६ मध्येच मोन्सॅन्टोने तणनाशकाला दाद न देणाऱ्या कपाशीचा अर्ज मागे घेतला. दरबंदी हे बोथट हत्यार आहे, हे मी मान्य करतो. त्याचा परिणाम म्हणजे गावोगाव विकली जाणारी चोरबीटी, म्हणजे तणनाशकाला दाद न देणारी विनापरवाना कपाशी. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर इथे शेतकरी संघटनेने बंदी मोडून हीच कपाशी उघडपणे पेरली. मात्र सुरुवातीच्या करारांतच विद्यापीठाला वाटा असता, मोबदल्याची मुदत आणि मर्यादा लिहिलेली असती, तर सरकारला मागाहून इतका कडक हात उगारावा लागला नसता. एव्हाना गुलाबी बोंडअळीनेही दोन जनुकांच्या बीटीला दाद देणं सोडलं होतं. पुढचं जनुक कुणाचंही असो, ते अकोल्याच्या सरळ वाणात बसवण्याची अट विद्यापीठाने आणि राज्य सरकारने करारावर सही करण्याआधीच घालून घ्यावी.