मुंबई विद्यापीठ : विद्याविषयक निर्णयाधिकाराचा इतिहास

विद्यापीठात कोणते विषय शिकवावेत, परीक्षा कोणत्या पद्धतीने घ्याव्यात आणि पदवीस पात्र कोणाला मानावे, ह्या गोष्टी ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासून वेगवेगळ्या रूपांत उपस्थित होत आला आहे. सरकार, समाजातील प्रतिष्ठित नागरिक, नोंदणीकृत पदवीधर आणि प्रत्यक्ष अध्यापन करणारे शिक्षक हे ह्या अधिकाराचे चार दावेदार होत. १८५७, १९०४, १९२८, १९५३, १९७४, १९९४ व २०१६ ह्या वर्षांच्या कायद्यांनी ह्या चौघांचे परस्परप्रमाण वेळोवेळी बदलले. शिक्षकांचा वाटा त्यांत एकंदरीने वाढत गेला; तथापि त्यांचे मत डावलण्याचा अखेरचा अधिकार प्रत्येक रचनेत अन्य कोणाच्या तरी हाती राहिला.

प्रारंभीची रचना : वुडच्या १८५४ च्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे १८५७ मध्ये विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा कायदा त्या वर्षी १८ जुलै रोजी संमत झाला. लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर बेतलेले हे विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन पदव्या देणे एवढेच त्याचे कार्य होते. कुलपती, कुलगुरू व फेलो यांची मिळून अधिसभा (सेनेट) बने. मुंबईचे गव्हर्नर हे पदसिद्ध कुलपती असत, तर कुलगुरुपद बिनपगारी असून ते बहुधा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे किंवा वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे जाई. सर विल्यम यार्डली हे पहिले कुलगुरू, तर न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे पहिले भारतीय कुलगुरू (१८९२) होत.

फेलो सरकारनियुक्त व तहहयात असत. त्यांची किमान संख्या कायद्याने ठरविली होती. कमाल संख्येस मर्यादा नव्हती. अध्यापनाचा अनुभव ही नेमणुकीची अट नव्हती. त्यामुळे सनदी अधिकारी, न्यायाधीश, वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक, व्यापारी आणि दानशूर नागरिक अधिसभेत एकत्र आले. फेलो होणे हा एक बहुमान समजला जाई आणि पुष्कळ सदस्य सभांना क्वचितच येत. कला, विधी, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी ह्या चार विद्याशाखांत सदस्यांची विभागणी होई आणि विद्याशाखांनी निवडलेले सदस्य सिंडिकेट ह्या छोट्या मंडळात दैनंदिन कारभार पाहत. अधिसभेने केलेले नियम सरकारची मंजुरी मिळाल्यावाचून अंमलात येत नसत.

देशी भाषांचा प्रश्न : ह्या रचनेची कसोटी प्रथमतः भाषेच्या प्रश्नावर लागली. विद्यापीठस्थापनेपूर्वी बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमावरून अध्यक्ष सर अर्स्किन पेरी आणि कर्नल जर्व्हिस यांच्यात तीव्र मतभेद झाले होते. देशी भाषांच्या बाजूने उभे राहिलेल्या जर्व्हिस यांना जगन्नाथ शंकरशेट प्रभृती भारतीय सभासदांचा पाठिंबा होता. पुढे जगन्नाथ शंकरशेट विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक झाले. विद्यापीठाच्या आरंभीच्या परीक्षांत उमेदवारास देशी भाषा घेता येत असे. तथापि १८६० नंतरच्या काही वर्षांतच मॅट्रिकच्या पुढील परीक्षांतून त्या वगळण्यात आल्या आणि त्यांची जागा संस्कृत, लॅटिन, अरबी, फार्सी इ. अभिजात भाषांनी घेतली.

ह्या बदलाचे पुरस्कर्ते शिक्षणक्षेत्राबाहेरचे नव्हते. सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे भाष्यकार, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य व पुढे शिक्षणसंचालक आणि कुलगुरू. पदवीपरीक्षेस पुरेल असे साहित्य देशी भाषांत अद्याप नाही आणि अभिजात भाषांच्या अभ्यासानेच ह्या भाषा पुढे समृद्ध होतील, असा ह्या पक्षाचा युक्तिवाद होता. हा निर्णय विद्वत्तेच्या नावाने झाला. पण त्याचे परिणाम ज्यांच्या भाषेवर व्हावयाचे होते, त्या समाजाचे प्रतिनिधी निर्णय घेणाऱ्यांत मूठभर होते.

हा निर्णय फिरविण्यासाठी झालेल्या प्रयत्नांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे अग्रभागी होते. १८६२ मध्ये विद्यापीठातून बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीतील ते पदवीधर. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे त्यांचे सहाध्यायी. व्यवसायाने न्यायाधीश असलेल्या रानड्यांनी अधिसभेतील आपल्या स्थानाचा उपयोग देशी भाषांसाठी केला. मराठी साहित्याच्या वाढीवर त्यांनी १८९८ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी टिपणात मराठी ग्रंथनिर्मितीचा पद्धतशीर आढावा घेतलेला असून ‘साहित्य नाही’ ह्या जुन्या आक्षेपाला ते प्रत्यक्ष पुराव्याने दिलेले उत्तर होते. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले आणि त्याच वर्षी एम्. ए. परीक्षेसाठी मराठीचा स्वीकार झाला. बी. ए. च्या अभ्यासक्रमात मराठीला स्थान मिळण्यास मात्र आणखी काही वर्षे लागली. प्राध्यापकांच्या पुढाकाराने झालेला निर्णय बिगरशिक्षक सदस्याच्या चिकाटीने बदलला, हे ह्या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय. केवळ तज्ञांच्या हाती निर्णय सोपविल्याने तो बिनचूक होतो, ह्या समजुतीस त्यामुळे बाध येतो.

स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्नही नियमाच्या शब्दांत अडकला होता. उमेदवारासाठी नियमांत पुल्लिंगी सर्वनाम असल्याने स्त्रियांना परीक्षेस बसता येत नाही, असा अर्थ प्रथम लावला गेला. १८८३ मध्ये अधिसभेने ही अडचण दूर केली आणि त्याच दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी ह्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या.

१९०४ चा कायदा : लॉर्ड कर्झन यांनी १९०२ मध्ये सर टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आयोग नेमला. त्यानंतर झालेल्या १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने अधिसभेचा आकार आटोपशीर केला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे पदसिद्ध सदस्य वगळता फेलोंची संख्या ५० ते १०० ठरविण्यात आली व त्यांची मुदत पाच वर्षांची झाली. वीस जागा निवडणुकीने भरावयाच्या होत्या : दहा नोंदणीकृत पदवीधरांनी आणि दहा विद्याशाखांनी. उर्वरित सदस्य कुलपतींनी नेमावयाचे असून त्यांतील किमान दोनपंचमांश शिक्षणव्यवसायातील असावेत, असे बंधन होते. सिंडिकेटला प्रथमच कायद्याचा आधार मिळाला व तीत महाविद्यालयीन शिक्षकांना स्थान देण्यात आले. त्याबरोबरच अधिसभेच्या नियमांना मंजुरी देताना त्यांत भर घालण्याचा वा बदल करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला.

शिक्षकांचे प्रमाण आणि सरकारी नियंत्रण ही दोन्ही एकाच कायद्याने वाढविल्यामुळे विचारवंतांत फूट पडली. केंद्रीय विधिमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी विधेयकास कडाडून विरोध केला. विद्यापीठे सरकारी खात्यासारखी होतील आणि सुशिक्षित भारतीयांचा त्यांतील प्रभाव नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच सभागृहात डॉ. भांडारकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. गोखले फर्ग्युसन महाविद्यालयाचे माजी प्राध्यापक. भांडारकर डेक्कन कॉलेजातील संस्कृतचे ख्यातनाम अध्यापक व विद्यापीठाचे माजी कुलगुरू (१८९३–९५). दोघेही शिक्षक होते. शिक्षकाला सभेत जागा मिळणे महत्त्वाचे की त्याची नेमणूक कोण करतो हे महत्त्वाचे, हा ह्या मतभेदातून पुढे आलेला मुद्दा पुढील शतकभर कायम राहिला. कायद्यानंतर अल्पावधीतच त्याचा प्रत्यय आला. बी. ए. साठी इतिहास हा आवश्यक विषय असावा किंवा नाही, ह्यावर १९१० च्या सुमारास अधिसभेत वादळी चर्चा झाली. गोखले व सर फिरोजशहा मेहता यांनी तो आवश्यक ठेवण्याचा आग्रह धरला. अभ्यासक्रमातील एका विषयाचा हा वाद वस्तुतः विद्यापीठाच्या स्वायत्ततेचाही वाद होता.

विद्वत्सभेची स्थापना : कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) सर्वसाधारण कारभार आणि विद्याविषयक निर्णय ह्यांची विभागणी करावी, असे सुचविले. सर चिमणलाल सेटलवाड यांच्या कुलगुरुपदाच्या दीर्घ कारकीर्दीत (१९१७–२९) हे विचार मुंबईत रुजले. अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू होऊन पॅट्रिक गेडीस हे समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यापीठ स्वतः शिकवू लागल्यामुळे त्याच्या अध्यापकांचा निर्णयप्रक्रियेतील हक्क अधिक स्पष्ट झाला. १९२८ च्या मुंबई विद्यापीठ कायद्याने अधिसभा व सिंडिकेट यांच्या जोडीला विद्वत्सभा (अकॅडेमिक कौन्सिल) निर्माण केली.

तेव्हापासून अभ्यासक्रमविषयक प्रस्तावाचा मार्ग सर्वसाधारणपणे निश्चित झाला. विषयाचे अभ्यासमंडळ पाठ्यक्रम व पुस्तके सुचविते; विद्याशाखा त्याची छाननी करते; विद्वत्सभा परीक्षांच्या दर्जाच्या व अन्य विषयांशी असलेल्या मेळाच्या दृष्टीने त्यावर निर्णय घेते; आणि आर्थिक वा वैधानिक भाग असल्यास तो कार्यकारी मंडळाकडे व अधिसभेकडे जातो. हा मार्ग वेळखाऊ असल्याची तक्रार नेहमीच होत आली आहे. परंतु त्यातील प्रत्येक टप्प्यावर विषयाच्या जाणकारांना कारणे द्यावी लागतात व ती नोंदली जातात, ही त्याची जमेची बाजू होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : पुणे, गुजरात व कर्नाटक येथे १९४९ च्या सुमारास स्वतंत्र विद्यापीठे निघाल्यानंतर १९५३ च्या कायद्याने मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र बृहन्मुंबईपुरते सीमित झाले. ते पुढे पुन्हा विस्तारले. १९६१ मधील मुक्तीनंतर गोव्यातील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न झाली आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत तेथील अभ्यासक्रमही मुंबईतच ठरत. महाविद्यालयांची संख्या जसजशी वाढली, तसतशी अभ्यासमंडळाच्या बैठकीत प्रत्यक्ष उपस्थित असणाऱ्या शिक्षकांचे एकूण शिक्षकवर्गाशी असलेले प्रमाण घटत गेले.

१९७४ मध्ये महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी एकाच धर्तीचे कायदे झाले. सिंडिकेटची जागा कार्यकारी परिषदेने घेतली आणि विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधित्वास मान्यता मिळाली. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने सर्व अकृषी विद्यापीठे एकाच कायद्याखाली आणून कार्यकारी परिषदेऐवजी व्यवस्थापन परिषद निर्माण केली. १९९६ मध्ये ‘बॉम्बे’ ऐवजी ‘मुंबई’ हे नाव अधिकृत झाले.

कुलगुरूंचा विशेषाधिकार : तातडीच्या प्रसंगी संबंधित प्राधिकरणाच्या बैठकीची वाट न पाहता निर्णय घेऊन नंतर तो त्या प्राधिकरणापुढे ठेवण्याची मुभा कायद्याने कुलगुरूंना दिली आहे. कारभार खोळंबू नये हा ह्या तरतुदीचा हेतू; पण विद्याविषयक प्रश्नांत तिचा वापर वादग्रस्त ठरला. २०१० च्या ऑक्टोबर महिन्यात रोहिंटन मिस्त्री यांची सच अ लाँग जर्नी (१९९१) ही कादंबरी बी. ए. च्या इंग्रजी अभ्यासक्रमातून ह्या अधिकाराखाली वगळण्यात आली. कादंबरीतील काही मजकुरास एका विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला होता. अभ्यासमंडळाच्या मार्गाने आलेले पुस्तक त्या मार्गाने न जाता काढले गेले, हा शिक्षकांचा व लेखकांचा मुख्य आक्षेप होता.

दुसरा प्रसंग मूल्यमापनाचा. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या लक्षावधी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्व शाखांना लागू करण्यात आली. शिक्षकांचे प्रशिक्षण व तांत्रिक सिद्धता अपुरी पडून निकाल कित्येक महिने रखडले. उच्च शिक्षणाच्या प्रवेशास मुकण्याची वेळ पुष्कळ विद्यार्थ्यांवर आली आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदमुक्त केले. पद्धत स्वतः सदोष नव्हती. ती अंमलात आणणाऱ्या शिक्षकांची तयारी न जोखता घेतलेला वेग हा दोष होता.

२०१६ चा कायदा व नंतर : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. विद्याशाखांचे एकत्रीकरण होऊन त्या चार झाल्या. पूर्वी विद्याशाखेचे सदस्य आपला अधिष्ठाता निवडत असत. आता तो निवडसमितीमार्फत नेमला जाणारा पूर्णवेळ अधिकारी झाला. अभ्यासमंडळांत व अन्य प्राधिकरणांत नामनिर्देशित सदस्यांचे प्रमाण वाढले. निवडणुकीतील गटबाजीला आळा बसून गुणवत्तेस वाव मिळेल, हे ह्या बदलाचे समर्थन. तर नेमणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेला शिक्षक विरोधी मत देण्यास कचरेल, ही त्यावरील टीका. उच्च शिक्षणमंत्र्यांना प्रकुलपती करणारे व कुलगुरूंच्या निवडीत राज्य शासनाचा वाटा वाढविणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केले होते. पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

मूल्यमापन : मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात शिक्षकांचे निर्णय सदैव उदार ठरले वा बाहेरच्यांचे हस्तक्षेप सदैव घातक ठरले, असे दिसत नाही. मराठीला दार बंद करण्यात शिक्षक पुढे होते आणि ते उघडण्यासाठी एका न्यायाधीशाने प्रदीर्घ काळ झगडा दिला. मात्र रानड्यांनी निर्णय फिरविला तो टिपण सादर करून, सदस्यांचे मन वळवून व सभेचा ठराव मिळवून. त्याउलट २०१० व २०१७ मधील निर्णय चर्चेच्या रूढ पायऱ्या वगळून किंवा अंमलबजावणी करणाऱ्यांना पुरेसे विश्वासात न घेता झाले. विद्याविषयक निर्णय बदलता येणे आवश्यक असते; परंतु तो बदलण्यासाठी कारणे मांडावी लागतात अशी व्यवस्था असणे, हे विद्यापीठीय स्वायत्ततेचे मुख्य लक्षण मानावे लागते. अधिसभा, विद्वत्सभा व अभ्यासमंडळे ह्या संस्थांचे महत्त्व ह्या दृष्टीने आहे.