परळ ते बॉस्टन: रक्तपेशींच्या भुकेचा इतिहास

१/
मेथोट्रेक्सेट नावाचे औषध ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांना दिले जाते. तेच औषध, पुष्कळ कमी मात्रेत, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस अर्थात आमवाताच्या रुग्णांनाही दिले जाते. एका रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. दुसऱ्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. इतक्या भिन्न विकारांना एकच औषध कसे लागू पडले? या प्रश्नाचा माग काढत गेले की वाट मुंबईतल्या परळला येऊन पोहोचते.

२/
ल्युकेमियाची ओळख जुनी आहे. १८४५ मध्ये एडिनबरोत जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी मृत रुग्णांच्या रक्तातील विलक्षण बदलाची स्वतंत्रपणे नोंद केली. बेनेट यांना तो रक्तातला पू वाटला. फिरखो यांनी मात्र हा पांढऱ्या पेशींचाच विकार असल्याचे ओळखले आणि १८४७ मध्ये त्याला ‘पांढरे रक्त’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले. पुढे पॉल एर्लिख यांनी रंगद्रव्यांच्या साहाय्याने पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे करून दाखवले. रोगाला नाव मिळाले, पेशी मोजता येऊ लागल्या. पण मुलांच्या तीव्र ल्युकेमियावर पुढची शंभर वर्षे परिणामकारक औषध नव्हते.

३/
आता परळ. १८९९ मध्ये जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा आली. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज रक्तविकारतज्ज्ञ तेथे दाखल झाल्या. मुंबईतील गरीब गर्भवतींमध्ये, त्यांत गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांमध्ये, एक घातक रक्तक्षय आढळत होता. त्याचे कारण शोधणे हे विल्स यांचे काम.

४/
सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे दृश्य चक्रावणारे होते. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. संसर्गाची शक्यता तपासून झाली. मग विल्स यांनी या स्त्रियांच्या घरच्या आहाराकडे लक्ष वळवले. ज्यांच्या ताटात फळे, भाज्या आणि दूध जवळजवळ नव्हते, त्यांच्यातच हा विकार अधिक होता. कारण जंतूपेक्षा दारिद्र्यात दडलेले दिसत होते.

५/
ताटात नेमके काय कमी होते? प्रथम उंदरांवर आणि नंतर माकडांवर प्रयोग झाले. निकृष्ट आहाराने रक्तक्षय झालेले एक माकड मार्माइटने सुधारले. मार्माइट म्हणजे मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टचा अर्क; इंग्लंडात पावाला लावून खाल्ला जाणारा एक स्वस्त पदार्थ. तोच अर्क मुंबईच्या रुग्णांना दिल्यावर त्यांचे रक्त भरून येऊ लागले. १९३१ मध्ये विल्स यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. यीस्टमधील त्या अनामिक घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले जाऊ लागले.

६/
१९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. पान या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले फोलिक अ‍ॅसिड. विल्स ज्याच्या मागावर होत्या तो घटक हाच. पेशीला विभागण्यापूर्वी आपल्या डीएनएची प्रत तयार करावी लागते, आणि त्यासाठी फोलेट आवश्यक असते. ते नसेल तर पेशी फुगते, पण विभागत नाही. परळमध्ये दिसलेल्या त्या मोठ्या पेशींचा अर्थ हा असा होता.

७/
न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९४५ मध्ये फोलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या तयार केले. तेथील संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले आणि मद्रासला वैद्यक शिकलेले सुब्बाराव १९२३ मध्ये बॉस्टनला गेले होते. त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्याच्या विकाराने दगावले होते. उष्ण प्रदेशातील या विकारावर फोलिक अ‍ॅसिड गुणकारी ठरले. भावांसाठी मात्र फार उशीर झाला होता.

८/
बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांना वाटले की जे द्रव्य बिघडलेली मज्जा ताळ्यावर आणते, ते कर्करोगातही उपयोगी पडेल. त्यांनी लेडर्लीकडून आलेली फोलिक अ‍ॅसिडची संयुगे रुग्णांना दिली. ल्युकेमियाच्या मुलांमध्ये उलटेच घडले. रोगाचा वेग वाढल्याच्या खुणा त्यांच्या मज्जेत दिसल्या. आगीवर पाणी म्हणून तेल ओतले गेले होते.

९/
या प्रसंगावर घाईने पडदा टाकू नये. वाट चुकली होती आणि त्या चुकीची झळ आजारी मुलांना बसली होती. पण त्याच चुकीने एक गोष्ट उघड केली: ल्युकेमियाच्या पेशी फोलेटच्या भुकेल्या असतात. मग ती भूक भागवण्याऐवजी तिला फसवले तर? फोलिक अ‍ॅसिडसारखेच दिसणारे, पण पेशीच्या कामी न येणारे द्रव्य दिले तर? सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी अशी द्रव्ये बनवली. त्यांतले एक होते अ‍ॅमिनोप्टेरिन.

१०/
डिसेंबर १९४७ मध्ये फार्बर यांनी ते वापरण्यास आरंभ केला. जून १९४८ च्या त्यांच्या निबंधात १६ मुलांचा उल्लेख आहे. त्यांपैकी १० जणांत सुधारणा दिसली. निबंधाच्या शीर्षकातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता आणि तो खरा ठरला. रोग परतला. तरीही एक रसायन तीव्र ल्युकेमियाला काही काळ मागे रेटू शकते, हे प्रथमच दिसले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव यांचे झोपेतच निधन झाले.

११/
अ‍ॅमिनोप्टेरिनचे अधिक सुसह्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. एकटे औषध हरते, म्हणून १९६० च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुजली, आणि मेथोट्रेक्सेट त्या पद्धतीचा एक खांब बनले. शंभर टक्के मरणाचा हा रोग हळूहळू बरा होऊ लागला. आज संपन्न देशांत मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात १० पैकी सुमारे ९ मुले वाचतात.

१२/
आता दुसरा रोग. शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणार नाही, असे एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते. त्यांच्या शब्दाचा दबदबा मोठा होता. पण १९४८ मध्येच मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांच्या मज्जेत एक विचित्र पेशी टिपली: दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेली पांढरी पेशी. पुढे उलगडा झाला की या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच पेशीकेंद्रकांविरुद्ध प्रतिपिंडे असतात.

१३/
१९५१ मध्ये रिचर्ड गुबनर आणि सहकाऱ्यांनी आमवात व सोरायसिसच्या रुग्णांना अ‍ॅमिनोप्टेरिन दिले. ऊतींची अवाजवी वाढ रोखावी, एवढाच त्यांचा हिशेब होता. रुग्णांना आराम पडला. पण तो काळ कॉर्टिसोनच्या बोलबाल्याचा होता आणि हे निरीक्षण मागे पडले. १९५९ मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डॅमेशेक यांनी ल्युकेमियाचे दुसरे एक औषध सशांना देऊन त्यांची प्रतिपिंडे तयार होण्याची क्रिया थोपवली. कर्करोगाचे औषध प्रतिकारशक्तीलाही लगाम घालू शकते, हे सिद्ध झाले.

१४/
मेथोट्रेक्सेटकडे वैद्यकाचे लक्ष पुन्हा वळायला १९८० चे दशक उजाडले. काटेकोर चाचण्यांनंतर १९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी त्याला मान्यता मिळाली. येथे मात्रा अल्प असते आणि गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. इतक्या कमी मात्रेत केवळ पेशींची उपासमार हे स्पष्टीकरण पुरत नाही. दाह शमवणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या द्रव्याची वाढ हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

१५/
आमवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेटच्या जोडीला आणखी एक गोळी दिली जाते, दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून: फोलिक अ‍ॅसिड. तीच गोळी लोहासोबत आज महाराष्ट्रातल्या आरोग्यकेंद्रांत गर्भवतींच्या हाती पडते. विल्स यांनी जे यीस्टच्या अर्कात शोधले, तेच.

१६/
या कथेत बॉस्टनचे १९४८ हे वर्ष ठळक अक्षरांत लिहिले जाते आणि परळचे १९२८ बहुधा तळटीपेत जाते. पण पेशीला विभागण्यासाठी काय लागते, हा प्रश्न परळमधल्या रक्ताच्या थेंबात आधी विचारला गेला होता. त्या थेंबांमागच्या गर्भवतींची आणि बॉस्टनच्या त्या १६ मुलांची नावे औषधाच्या वेष्टनावर नसतात. इतिहास लिहिताना त्यांची जागा मोकळी ठेवली पाहिजे, विल्स आणि सुब्बाराव यांच्या शेजारी.