'हात लावा' म्हणणारी संग्रहालये

वस्तुसंग्रहालयात चार वर्षांच्या मुलाला घेऊन गेलेल्या पालकांचा अर्धा वेळ 'हात लावू नकोस' हे बजावण्यातच जातो. कपाटातील वस्तू मुलाच्या नजरेपेक्षा उंचावर आणि माहितीची पाटी त्याला न वाचता येणारी. दहाव्या मिनिटाला मूल कंटाळते व 'अजून लहान आहे' असे म्हणून मंडळी बाहेर पडतात. वास्तविक लहान असल्यामुळेच त्याला वस्तू हाताळायची असते. जड-हलके, थंड-गरम, खडबडीत-गुळगुळीत हे कळण्यासाठी या वयात हातासारखे दुसरे साधन नाही.

केवळ मुलांसाठी उभारलेले जगातील पहिले संग्रहालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डिसेंबर १८९९ मध्ये सुरू झाले. बोस्टनचे बालसंग्रहालय १९१३ मधील. तेथेही बराच काळ काचेच्या कपाटांचेच राज्य होते. १९६२ मध्ये मायकेल स्पॉक संचालक झाले आणि चित्र पालटू लागले. बालसंगोपनावरील पुस्तकामुळे घरोघरी पोहोचलेले डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. डिस्लेक्सियामुळे त्यांना वाचन कठीण जाई. पाट्या वाचून शिकण्याची पद्धत त्यांना रुचली नाही, यात नवल नाही. साठच्या दशकात त्यांनी बेसबॉलचा चेंडू, टोस्टर अशा नेहमीच्या वस्तू मधोमध कापून मुलांपुढे ठेवल्या. 'याच्या आत काय असते?' हा मुलांचा प्रश्नच प्रदर्शनाचा विषय झाला.

याच संग्रहालयात १९७८ मध्ये जेरी रॉबिन्सन यांच्या पुढाकाराने 'प्लेस्पेस' हे दालन साकारले. शाळेचे वय न झालेली मुले आणि त्यांचे पालक या दोघांसाठी ते होते. मूल खेळत असताना पालकाने त्याचे निरीक्षण करावे, इतर पालकांशी बोलावे, ही कल्पना तेव्हा नवीन होती.

अशा दालनांत हमखास आढळणारे एक साधे साधन म्हणजे पाण्याचे टेबल. मुलाच्या कमरेइतके उंच, त्यात पाणी, काही पेले, गाळणी, तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तू. उंच पेल्यातील पाणी पसरट वाडग्यात ओतले की ते 'कमी झाले' असे पाच वर्षांचे मूल ठामपणे सांगते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी या समजुतीचा अभ्यास केला होता. साधारण सातव्या वर्षापर्यंत ती टिकते. मोठ्यांनी समजावून तिच्यात फारसा फरक पडत नाही. पुन:पुन्हा ओतून पाहण्याची संधी मात्र मुलाला हवी असते. सहा वेळा तेच करणारे मूल वेळ वाया घालवत नसते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम उभारताना महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, दगड, पाने, बिया वापरल्या. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राचे उद्यान १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात खुले झाले. तेथील साधने मुलांनी स्वत: हाताळून पाहावीत अशीच मांडली गेली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये स्वतंत्र बालसंग्रहालय सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ या वयोगटासाठी खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे.

तरीही शहराच्या वस्तीच्या मानाने अशा जागा अगदीच मोजक्या आहेत. सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला अंगण नाही, माती नाही, पाणी सांडण्याची मुभा नाही. उलट तिसऱ्या वर्षीच हाती पेन्सिल येते. पूर्वी घराच्या मागच्या दारी फुकट मिळणारा अनुभव आता तिकीट काढून घ्यावा लागतो, हे काहीसे विचित्रच.

जाणाऱ्या पालकांनी सगळी दालने उरकण्याचा आग्रह धरू नये. मूल एकाच टेबलापाशी तासभर रमले तर रमू द्यावे. 'हे काय आहे सांग' अशी परीक्षा घेण्यापेक्षा शेजारी जमिनीवर बसावे आणि त्याने विचारले तरच बोलावे. बरोबर कपड्यांचा एक जादा जोड मात्र असावा. पाण्याच्या टेबलापासून कोरडे परतणारे मूल विरळाच.