दृष्टिबाधित मुलांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण

दृष्टिबाधित मुलांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण म्हणजे अंध व अल्पदृष्टी मुलांना शिकवण्यासाठी शिक्षकांना दिले जाणारे विशेष व्यावसायिक शिक्षण होय. भारतात हे प्रशिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने दिले जाते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव यांसारख्या डोंगरी तालुक्यांत दृष्टिबाधित मूल गावच्याच शाळेत शिकू शकेल की नाही, हे बऱ्याच अंशी अशा शिक्षकाच्या उपलब्धतेवर अवलंबून असते.

इतिहास

भारतातील पहिली अंधशाळा ॲनी शार्प यांनी १८८७ साली अमृतसर येथे सुरू केली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा काढली. ती पुढे दादर येथील कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल लिपी १९५१ साली स्वीकारण्यात आली. १९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना सुरू केली. त्यामुळे निवासी अंधशाळेबरोबरच सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षकांची गरज निर्माण झाली.

अभ्यासक्रम व नोंदणी

बारावीनंतर विशेष शिक्षणातील दोन वर्षांची पदविका, तर पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. करता येते. दोन्हींत दृष्टिबाधिता हे स्वतंत्र विशेषीकरण असते. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार पात्र व्यक्तीस केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवावे लागते.

प्रशिक्षणातील विषय

ब्रेल : ब्रेल लिपी सहा टिंबांच्या रचनेवर आधारलेली आहे. पाटी व कलम वापरून लिहिताना कागद मागून टोचला जातो. म्हणून लेखन उजवीकडून डावीकडे, तर वाचन डावीकडून उजवीकडे होते. मराठी ब्रेलमध्ये स्वर व त्याची मात्रा यांसाठी एकच चिन्ह असते. ऱ्हस्व इकाराची मात्राही व्यंजनानंतरच येते आणि जोडाक्षरात हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी लिहितात. त्यामुळे डोळस शिक्षकाला छापील देवनागरीची सवय बाजूला ठेवावी लागते.

गणित : अबॅकस व टेलर पाटी ही मुख्य साधने होत. टेलर पाटीच्या अष्टकोनी छिद्रांत एक खिळा आठ दिशांनी बसवता येतो. त्याची दोन्ही टोके वेगळी असल्याने सोळा चिन्हे मिळतात. भूमितीसाठी उठावाच्या आकृत्या तयार करण्यास शिकवले जाते.

अल्पदृष्टी : मुलाची उरलेली दृष्टी प्रत्यक्ष कामात कितपत उपयोगी पडते, याची तपासणी प्रशिक्षणार्थ्याला शिकवली जाते. प्रकाश, बसण्याची जागा, ठळक रंगभेद, मोठा टाइप व भिंग यांच्या साहाय्याने अनेक मुले छापील मजकूर वाचू शकतात. ही तपासणी न झाल्यास दिसत असलेल्या मुलाला अंध समजले जाते, किंवा कमी दिसणारे मूल ‘अभ्यासात मागे’ ठरते.

अभिमुखता व चलनवलन : ध्वनी, स्पर्श व पायाखालील जमिनीच्या खुणांवरून दिशा ओळखणे, पांढऱ्या काठीचा वापर व दैनंदिन कामे यांचा यात समावेश होतो.

जुन्नर व आंबेगाव

या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीत असून तेथे महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगाव येथे आहे. वाड्या विखुरलेल्या असल्याने एका गावात अनेकदा एखादेच दृष्टिबाधित मूल असते. अशा ठिकाणी विशेष शिक्षक शाळाशाळांना भेटी देतो आणि रोजचे अध्यापन वर्गशिक्षक करतो. म्हणून वर्गशिक्षकाला व पालकांना मार्गदर्शन करण्याचे कौशल्य ब्रेलइतकेच महत्त्वाचे ठरते. चलनवलनाचा सरावही बांध, ओढे, पावसाळी पायवाटा व विहिरी लक्षात घेऊन आखावा लागतो. जुन्नर परिसरातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असल्याने सरावाची वेळ व वाट निवडतानाही काळजी घ्यावी लागते.

कायदेशीर तरतुदी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करणे व नेमणे ही शासनाची जबाबदारी मानली आहे. कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ साली विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा व उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. हे प्रमाण सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी एकत्रित आहे. त्यामुळे नेमलेल्या शिक्षकाचे विशेषीकरण दृष्टिबाधितेचेच असेल, याची खात्री केवळ या प्रमाणातून मिळत नाही.

हेही पाहा

ब्रेल लिपी
समावेशक शिक्षण
जुन्नर तालुका
आंबेगाव तालुका