माडीवर चढलेली न्हाणी

माडीवर अंघोळ करण्याची सोय महाराष्ट्रातल्या सामान्य घरांत आली ती फार उशिरा. जुन्या वाड्यांत न्हाणी मागच्या अंगाला, आडाजवळ असे. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावाचे पाणी नळांतून शहरात आले, पण ते हौदापर्यंतच. तेथून घागरींनी वाहून आणलेले पाणी माडीवर नेऊन ओतणे कोणाला परवडणारे नव्हते. न्हाणीला दगडी फरशी, एका बाजूला उतार, आणि सांडपाणी परसातल्या अळूला नि केळीला. थोडेफार मुरले तरी ते मातीतच जाई; खाली कोणाचे छत नव्हते.

पाणी अडवण्याची विद्या मात्र तेव्हाही पक्की होती. ती हौदांसाठी आणि धाब्यांसाठी वापरली जाई. भाजलेला चुना, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी हे मिश्रण घाण्यात बैलाने फिरवलेल्या दगडी चाकाखाली मळले जाई. त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी पडे, कुठे बेलफळाचा गरही. गच्चीवर हा थर पसरला की मजूर, त्यांत बऱ्याचदा बाया, ओळीने बसून लाकडी थाप्यांनी तो दिवसेंदिवस चोपत. थापी उसळून परत येऊ लागली की काम झाले असे समजत. चुना सावकाश कडक होतो आणि बारीक भेगांत पाणी शिरले तर त्यातलाच चुना विरघळून पुन्हा जमतो, भेग बुजते. घाईच्या कामांत हा गुण पुढे हरवला.

मुंबईत चित्र बदलले ते पाणीपुरवठ्यामुळे. विहार तलावाचे पाणी 1860 मध्ये शहराला मिळू लागले, मग 1879 मध्ये तुळशी आणि 1892 मध्ये तानसा आले. गिरण्यांभोवती उभ्या राहिलेल्या मजलेदार चाळींत शौचकूप मजल्याच्या टोकाला सामाईक असत, पण खोलीच्या कोपऱ्यात मोरी असे. भांडी, कपडे, अंघोळ सगळे त्या चार फुटांत. बऱ्याच चाळींत खाली सागवानी तुळया आणि फळ्या, वर कोबा आणि लादी अशी जमीन होती. मोरीचे पाणी लादीच्या सांध्यांतून तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी पोहोचे आणि लाकूड तिथेच कुजे, जिथे ते कोणाला दिसत नाही. राज्याने 1969 मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा केला, उपकर लावून स्वतंत्र मंडळ नेमले. या इमारतींच्या दुखण्यात मोरी आणि संडासाच्या ओलीचा वाटा मोठा होता.

लोखंडी सळ्या आणि सिमेंटचा स्लॅब आल्यावर लाकूड गेले, पण पाणी गेले नाही. 1930 च्या दशकात दादर-माटुंग्याकडे न्हाणीघर आणि संडास घरातच असलेले फ्लॅट बांधले जाऊ लागले. सोवळ्याच्या कल्पना जपणाऱ्या कुटुंबांनाही संडास घरात घेण्याची हळूहळू सवय झाली. प्रत्येकाच्या संडासाखाली आता दुसऱ्या कोणाचे तरी छत होते. भारतीय पद्धतीच्या भांड्याचा सापळा (ट्रॅप) मावावा म्हणून तिथला स्लॅब खाली दाबून घेत. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून वर घोटलेला थर देत. ‘ब्रिकबॅट कोबा’ ही मुंबईच्या बांधकामातली घरोघरची गोष्ट झाली. काम चोख झाले तर तो वर्षानुवर्षे टिके. पण न्हाणीच्या ट्रॅपच्या गळ्याशी किंवा बिडाच्या पाइपच्या सांध्याशी फट राहिली की विटांचा तो भराव पाणी शोषून साठवून ठेवी. मग नळ बंद केला तरी खालचे छत कित्येक दिवस ओलेच. स्लॅबमधल्या सळ्या गंजून फुगतात, पोपडे सुटतात, काँक्रीटचे तुकडे पडतात. भिंतीवर लोणा दिसू लागतो.

पुढे नळ भिंतीत गाडण्याची पद्धत आली. दिसायला सुंदर, पण जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप गंजून गळू लागला तर शोधायला टाइल्स फोडण्यावाचून गत्यंतर नाही.

गळतीचा खर्च कोणी करायचा हा वाद सहकारी सोसायट्यांत कायमचा झाला. आदर्श उपविधींनी पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीकडे दिली. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदांकडे. नव्या इमारतींत 2016 च्या रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातला दोष विकासकाने स्वखर्चाने दूर करायचा असतो. आधीच्या मोफा म्हणजे सदनिका मालकी कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती.

आता स्लॅबवर पॉलिमरचे लवचीक लेप देतात, सांध्यांत इपॉक्सी भरतात. हे साहित्य चांगले आहे, पण उतार चुकला तर तेही हरते. लेप सुकल्यावर टाइल बसवण्याआधी ट्रॅप बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहावे, ही जुन्या गवंड्यांची चाचणी आजही सर्वांत भरवशाची आहे. खालच्या छताला प्लॅस्टर आणि रंग मारून ओल थांबत नाही. काम वरच्याच न्हाणीत करावे लागते.