आतड्यांच्या विकारांचे निदान आणि किरणोत्सारी समस्थानिके : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वैद्यकाचा इतिहास पुष्कळदा नव्या तंत्राने जुन्या तंत्रास बाद केल्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रस्तुत लेखात आतड्यांच्या तीन विकारांच्या आधारे हे गृहीतक तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
किरणोत्सारी अणूंच्या साहाय्याने पदार्थाचा माग काढण्याची पद्धत हेवेसी व पानेट यांनी १९१३ मध्ये वापरली. १९३८ मध्ये सेग्रे व सीबोर्ग यांना टेक्नेशियम-९९एम हे समस्थानिक सापडले. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६ तासांचे असल्याने ते दूरवर पाठविणे अवघड होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत तयार झालेल्या जनित्रामुळे ते रुग्णालयातच मिळू लागले. त्याच सुमारास हॅल अँगर यांचा गॅमा कॅमेरा आला. भारतात १९६३ मध्ये मुंबईत रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले.

तीन विकार, तीन मागोवे :
१) मेकेलचा अंधवर्ध : लहान आतड्यावरील या जन्मजात पिशवीत कधीकधी जठराचे अस्तर आढळते. त्यातून स्रवणाऱ्या आम्लामुळे शेजारच्या आतड्यास व्रण पडून बालकास वेदनारहित रक्तस्राव होतो. टेक्नेशियमचा क्षार जठराच्या अस्तरात साचतो, या गुणधर्माच्या आधारे १९७० मध्ये अशा पिशवीचे चित्रण प्रसिद्ध झाले.

२) रक्तस्राव : १९७७ मध्ये आबास अलावी व सहकाऱ्यांनी टेक्नेशियमयुक्त कलिल वापरून रक्तस्रावाची जागा शोधली. परंतु यकृत हे कलिल काही मिनिटांतच शोषून घेते. त्यामुळे थांबून थांबून होणाऱ्या रक्तस्रावासाठी तासन्‌तास रक्तात राहणाऱ्या, खूण केलेल्या तांबड्या पेशी अधिक उपयुक्त ठरल्या.

३) आतड्यांचा दाह : रुग्णाच्याच श्वेतपेशी वेगळ्या करून, त्यांना इंडियम-१११ जोडून पुन्हा शरीरात सोडण्याची पद्धत १९७० च्या दशकात ठाकूर प्रभृतींनी विकसित केली. १९८१ मध्ये दाहजन्य आतड्यांच्या विकारांत तिचा वापर नोंदविला गेला. १९८६ पासून टेक्नेशियम वापरल्याने चित्रे लवकर मिळू लागली. मात्र पेशी वेगळ्या करण्याचे जिकिरीचे काम टळले नाही.

विवेचन :
पुढे कोलोनोस्कोपी, एमआरआय आणि मलातील कॅल्प्रोटेक्टिनची चाचणी यांमुळे तिसऱ्या पद्धतीचा वापर ओसरला. केवळ कष्ट हे त्यामागील कारण नव्हते. श्वेतपेशी दाहाची जागा दाखवितात, दाहाचे कारण सांगत नाहीत. भारतात हा भेद जीवनमरणाचा ठरू शकतो. कारण आतड्यांचा क्षय आणि क्रोन्स विकार यांची लक्षणे एकसारखी दिसतात, आणि क्षयरोग्यास क्रोन्स समजून स्टेरॉइड दिल्यास संसर्ग बळावतो. तेथे ऊतीचा तुकडा तपासणे अपरिहार्य ठरते. याउलट मेकेलच्या चाचणीचा प्रश्न मर्यादित आहे : जठराचे अस्तर अस्थानी आहे काय? नेहमीच्या दुर्बिणी जेथे सहसा पोहोचत नाहीत, अशा जागेविषयीचा हा प्रश्न असल्याने अर्धशतकानंतरही ही चाचणी टिकून आहे.

निष्कर्ष :
तंत्राचे आयुष्य त्याच्या नावीन्यावर नव्हे, तर ते ज्या प्रश्नाचे उत्तर देते त्या प्रश्नाच्या नेमकेपणावर अवलंबून असते. म्हणूनच अणुवैद्यकाच्या इतिहासात यंत्रांच्या कालक्रमाबरोबर वैद्यांनी विचारलेल्या प्रश्नांचा क्रमही अभ्यासणे आवश्यक आहे.