मॉस्कोतला बटाटा आणि आमचा परत आलेला ट्रक



गेल्या ऑक्टोबरात आमचा बटाट्याचा एक ट्रक कारखान्याच्या गेटवरून परत आला, ते मी इथं लिहिलं नव्हतं. लाज वाटली म्हणा, राग होता म्हणा. करारातला माल. बेणं त्यांचंच, फवारणीचं वेळापत्रक त्यांचंच. गेटवर नमुना काढला, चकत्या केल्या, तळल्या, आणि कडा तांबूस-काळ्या पडल्या. कागदावर "साखर जास्त" एवढं लिहून ट्रक वळवला. रात्रीच मंचरला आणून टाकला, सकाळी खाण्याच्या बटाट्याच्या भावात गेला. भाडं दोन्ही वेळचं आपल्याच अंगावर.

चूक कुठं झाली ते मला माहीत आहे. पावसाचा अंदाज होता म्हणून पाला आठ दिवस आधी मारला. साल पक्की झाली नव्हती. कोवळ्या बटाट्यात साखर जास्त राहते, ती तळताना करपते. पण गेटवर उभा असताना डोक्यात एकच, की बटाटा तर चांगला आहे, टणक आहे, डाग नाही, किडका नाही, मग तुमच्या कढईनं ठरवायचं का माझ्या वर्षाचं? कंपनीचा शेतकी पदवीधर पोरगा बाजूला उभा होता. पोरगा चांगला आहे, त्याच्या हातात काही नव्हतं. तो म्हणाला, "काका, या कढईपुढं अख्खा रशिया थांबला होता. सवडीनं वाचा."

थंडीत सवड मिळाली. थोरल्यानं मोबाईलवर शोधून दिलं, मी वाचत गेलो, वहीत टिपत गेलो. ते आज मांडतो. बटाटा करणाऱ्यानं तर वाचावंच.

मॅकडोनाल्ड ही अमेरिकेतली कंपनी, पण मॉस्कोत दुकान नेलं तिच्या कॅनडाच्या शाखेनं. तिथला प्रमुख जॉर्ज कोहोन. १९७६ साली मॉन्ट्रियलला ऑलिंपिक झालं, तिथं सोव्हिएत पाहुण्यांना फिरायला यानं कंपनीची बस दिली. त्या ओळखीतून त्यानं मॉस्कोत दुकान टाकायचं डोक्यात घेतलं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी प्रयत्न केला, जमलं नाही. मागं लागून लागून १९८८ मध्ये करार झाला. ५१ टक्के हिस्सा मॉस्को शहराचा, ४९ टक्के कॅनडाच्या कंपनीचा. पहिल्या भेटीपासून दुकान उघडेपर्यंत १४ वर्षं गेली. आपल्याकडं विहिरीच्या वीजजोडणीला तीन वर्षं लागली तर आपण कचेरी डोक्यावर घेतो.

करार झाला आणि खरी अडचण पुढं आली. विकायचं ठरलं, पण पिकवणार कोण?

बटाटा सोव्हिएत देशात नव्हता असं नाही. बटाट्यावरच तो देश जगत होता. पण त्यांचा बटाटा आपल्यासारखाच, उकडायचा, रश्श्यात टाकायचा, बहुतेक लहान आणि गोल. अमेरिकन फ्राइजला लांब बटाटा लागतो, बोटाएवढी काडी पडली पाहिजे. आणि कोरडा अंश जास्त पाहिजे, साधारण २० टक्क्यांच्या वर. पाणी जास्त असलं की काडी तेल पिते आणि लोळागोळा होते. साखरेचं तर माझ्या ट्रकनं शिकवलंच. (आमचा करार वेफरचा. वेफरला गोल बटाटा लागतो, फ्राइजला लांब. पण कोरडा अंश आणि साखर, हे दोन नियम दोन्हीकडं तेच.)

दुसरी गोष्ट साठवणीची. तिथं काढणी सप्टेंबरात, नंतर बर्फ. सरकारी आणि सामूहिक शेतांवर काढणीला शहरातून माणसं पाठवायचे. कॉलेजची पोरं, कचेरीतले कारकून, प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञसुद्धा बटाटे वेचायला जायचे. ज्याचं शेत नाही तो बटाटा कसा वेचणार ते तुम्हीच सांगा. फावड्यानं कापलेला, आपटलेला माल गोदामात जायचा आणि पुष्कळसा तिथंच सडायचा. जो टिकायचा तो थंडीनं गोड व्हायचा. बटाटा फार गार ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते. खायला चालतो, तळायला चालत नाही. म्हणून कारखान्याचा बटाटा १० ते १२ अंशावर ठेवतात आणि कोंब येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी देतात. आपल्याकडच्या साध्या शीतगृहात तो २ ते ४ अंशावर जातो. तिथून काढलेला बटाटा तळून बघा एकदा.

मग कंपनीनं हॉलंडमधून बेणं आणलं. वाण रसेट बर्बँक. या वाणाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला ल्यूथर बर्बँक नावाचा तरुण होता, शिक्षण बेताचं, छोट्या शेतावर भाजीपाला करायचा. १८७२ साली त्याला बटाट्याच्या झाडावर फळ लागलेलं दिसलं. त्यातल्या मोजक्या बिया लावून त्यानं त्यातून चांगलं झाड निवडलं. १५० डॉलरला हक्क विकला आणि कॅलिफोर्नियाला निघून गेला. त्याच बटाट्याची खडबडीत तपकिरी सालीची जात पुढं निघाली, ती रसेट बर्बँक. जगातल्या फ्राइजचा धंदा कितीतरी वर्षं याच वाणावर उभा राहिला. बर्बँकला मात्र ते १५० डॉलरच. असो.

हे वाण नाजूक स्वभावाचं. चार-साडेचार महिने मातीत हवं. पाण्यात खंड पडला की बटाट्याला गाठी येतात, बाळं फुटतात. मॉस्कोकडं उन्हाळा तोकडा, शेतं सामूहिक, माणसाला पगार ठरलेला, माल कसाही आला तरी. तिथं हे वाण लावायचं म्हणजे कंपनीला बेण्याबरोबर शेतीही शिकवावी लागली. बाहेरून कृषितज्ज्ञ आले. लावण, भर, औषध, काढणी, हाताळणी, सगळं बांधावर उभं राहून.

आणि मॉस्कोच्या कडेला सोलन्त्सेवो भागात कंपनीनं स्वतःचा प्रक्रिया कारखाना बांधला. एकाच छताखाली पावाची भट्टी, दूध, मांस, बटाटा आणि तपासणीची प्रयोगशाळा. दुकान एक आणि त्याच्यामागं एवढा मोठा कारखाना! अमेरिकेत कंपनी असलं काही स्वतः करत नव्हती. तिथं पुरवठादार होते, फोन केला की माल यायचा. इथं फोन करायला कुणी नव्हतंच.

३१ जानेवारी १९९० ला पुश्किन चौकात दुकान उघडलं. कामासाठी २७ हजारांच्या आसपास अर्ज आले होते, घेतली सहाशेवर पोरं. पहिल्या दिवशी ३० हजारांवर गिऱ्हाईक झालं. कडाक्याच्या थंडीत रांग. तो रांगेचा फोटो तुम्ही पाहिला असेल, सगळा इतिहास त्या फोटोवरच थांबतो. व्यवहार रुबलमध्ये, आणि रुबलला देशाबाहेर किंमत नाही. म्हणजे नफा घरी न्यायची सोय नव्हती, तो तिथंच घालावा लागला.

त्या रांगेपेक्षा मला एका शेताची गोष्ट जास्त मोलाची वाटते. मॉस्कोजवळ बेलाया दाचा नावाचं सरकारी शेत होतं. ते या दुकानाला सॅलडचा पाला, भाजीपाला देऊ लागलं. पुढच्याच वर्षी, १९९१ अखेरीला, सोव्हिएत राज्य मोडलं. सरकारी शेतं उघडी पडली, कित्येकांची माती झाली. हे शेत टिकलं, खासगी कंपनी झालं, वाढलं. त्याचे प्रमुख व्हिक्टर सेम्योनोव १९९८ मध्ये रशियाचे कृषिमंत्री झाले. रोज ठरल्या वेळी, ठरल्या मापाचा माल घेणारं गिऱ्हाईक असलं की शेताला कणा येतो, हे मी नाकारणार नाही. ट्रक परत आला तरी नाकारणार नाही.

पण बटाटा? पाव तिथला झाला, मांस तिथलं, पाला तिथला. फ्राइज मात्र बरीच वर्षं बाहेरून गोठवूनच येत राहिल्या. २०१८ मध्ये लिपेत्स्कला फ्राइजचा मोठा कारखाना निघाला, एका परदेशी बटाटा कंपनीच्या आणि याच बेलाया दाचाच्या भागीदारीत. १९९० ते २०१८, अठ्ठावीस वर्षं. ज्या दुकानासाठी पहिल्यांदा बेणं आणलं, त्याच दुकानाला बटाटा सगळ्यात शेवटी स्थानिक मिळाला. सवय लागायला वाणालाही वेळ लागतो, मातीलाही, माणसालाही.

आणि मग २०२२. युक्रेनवर हल्ला झाला. मार्चमध्ये कंपनीनं रशियातली साडेआठशेच्या आसपास दुकानं बंद केली, मेमध्ये विकायचं जाहीर केलं. घेणारा अलेक्झांडर गोवोर, सायबेरियात त्यांचीच दुकानं चालवणारा. १२ जूनला नव्या नावानं दुकानं उघडली, "व्कुस्नो इ तोच्का", म्हणजे "चविष्ट आहे, बस्स". पाटी बदलली, डबे बदलले, पाव-मांस तेच. महिनाभरात, जुलैमध्ये, काय संपलं असेल? फ्राइज!

कंपनीनं सांगितलं, २०२१ ला आम्हाला लागणाऱ्या वाणाचं पीक कमी आलं आणि बाहेरून आणायची वाट आता बंद आहे, शरद ऋतूपर्यंत कळ काढा. तर तिकडच्या कृषी मंत्रालयानं सांगितलं की देशात बटाट्याची कमी नाही. दोघंही खरं बोलत होते मंडळी. बटाटा होता, तळायचा नव्हता. हे वाचलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून हसलो, आणि मग हसू गेलं. माझ्या ट्रकमध्ये तरी दुसरं काय होतं?

आपल्याकडंही हेच झालं, आवाज न होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत मॅकडोनाल्डचं पहिलं दुकान निघालं. त्याच्या आधी काही वर्षं पुरवठ्याची जुळवाजुळव चालू होती. आइसबर्ग सॅलडची शेती आपल्या तळेगाव दाभाड्याकडं याच निमित्तानं वाढली, हे आपल्यातल्या जुन्या भाजीवाल्यांना आठवत असेल. बटाटा तिथंही मागंच राहिला. सुरुवातीला फ्राइज बाहेरूनच आल्या, मग गुजरातेत मेहसाणा-बनासकांठाकडं करारावर फ्राइजचे वाण लागले, ठिबक आलं, कारखाना आला. आपल्या शास्त्रज्ञांनीही उशीर केला नाही, सिमल्याच्या संस्थेचे कुफरी चिप्सोना वाण १९९८ चे.

आता मला खटकतं ते सांगतो. रशियात पहिल्या दिवसांत धोका कंपनीचा होता. बेणं तिचं, तज्ज्ञ तिचे, कारखाना तिचा, आणि बटाटा बिघडला तर तिचंच दुकान रिकामं. शेतात जाऊन उभं राहण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. आज पुरवठादार गावोगाव झालेत. एक ट्रक परत गेला तर मागं दहा उभे आहेत. तळून बघायची कढई शेतातून निघून गेटवर गेली. नियम तोच, साखर तीच, फक्त नापास झाल्याचं कळतं तेव्हा भाडं भरून झालेलं असतं. पाला मारायच्या आधी चार बटाटे उकरून बांधावरच तळून बघायला काय लागतं? एक स्टो, एक कढई, अर्धा लिटर तेल. रंग काळा आला तर आठ दिवस थांबायचं. पाऊस आला तर आला, तो धोका शेतकरी स्वतः घेईल, पण समजून घेईल.

हेच मी त्या पोराला फोनवर म्हटलं. तो म्हणाला, "काका, वरती विचारतो." वरून अजून काही आलेलं नाही.

या वर्षीचा कराराचा कागद फडताळावर पडून आहे, सोमवारपर्यंत सही हवी आहे. घरात चर्चा झाली. थोरला म्हणतो तीनही एकर करारात द्या, भाव तरी ठरलेला असतो. त्याची आई म्हणते एकही देऊ नका. मी दोन एकर देणार आहे, एक एकरात कुफरी ज्योती, बाजारासाठी. पंजाबचं बेणं पुढच्या आठवड्यात उतरतंय, मघाशीच गाडीवाल्याचा फोन होता. सऱ्या अजून पाडायच्या आहेत, वाफसा आला की लागलीच.

आणि कढई मी घेतली आहे. सप्टेंबरात पाला मारायच्या आधी दोन्ही वाणांचे नमुने तळून फोटो इथंच टाकतो.